मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात प्रसंगच नव्हे, तर शब्दही तेच कसे?

पाटीपेन्सिल

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. बायबलचा नवा करार मराठीत पहिल्यांदाच सलग वाचायला घेतला आहे. त्याच्या आरंभी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली येशूची चार चरित्रे, म्हणजे शुभवर्तमाने, आहेत. मत्तय संपवून मार्क उघडला तेव्हा हे आपण आत्ताच वाचले आहे असे पानोपानी वाटू लागले, आणि लूक वाचताना तर पुढचे वाक्य काय असेल हे आधीच सांगता येऊ लागले. योहानाचा ग्रंथ मात्र अगदी निराळ्या वळणाचा निघाला.

एकाच व्यक्तीचे चरित्र चौघांनी लिहिले तर प्रसंग सारखे असणार, हे मान्य आहे. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. पक्षघाती माणसाला खाटेवरून आणतात, त्या प्रसंगात येशू शास्त्र्यांना म्हणतो की मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला समजावे म्हणून, आणि तेथेच वाक्य तुटते. निवेदक मध्ये येऊन 'तो पक्षघाती माणसाला म्हणाला' असे सांगतो आणि उरलेले बोलणे त्या रुग्णाकडे वळते. वाक्य असे अर्धवट तुटणे एका लेखकाच्या हातून होऊ शकते. पण ते मत्तयाच्या ९व्या, मार्काच्या २ऱ्या आणि लूकाच्या ५व्या अध्यायात नेमक्या त्याच ठिकाणी कसे तुटते?

हे भाषांतरकारांनी केलेले सारखेपण आहे, की प्रत्यक्षदर्शींच्या आठवणीच इतक्या जुळत होत्या, की या तिघांनी एकमेकांचे लेखन समोर ठेवून लिहिले? जाणकारांनी सांगावे.

ओटीवरचा

आपण बोट ठेवलेली जागा नेमकी आहे. पहिली शंका आधी मिटवू. भाषांतरामुळे सारखेपण वाढू शकते आणि कमीही होऊ शकते. एकच मराठी शब्द दोन निरनिराळ्या ग्रीक शब्दांसाठी वापरला गेला असेल, तर मूळचा फरक झाकला जातो. म्हणून हा प्रश्न ग्रीक पाठावरच सोडवावा लागतो, आणि तेथे सारखेपण मराठीपेक्षा अधिक ठळक दिसते. आपण सांगितलेले तुटलेले वाक्य ग्रीकमध्येही तिन्हीकडे त्याच जागी तुटते.

याहून बोलके उदाहरण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या (शुभवर्तमान लिहिणारा योहान वेगळा) उपदेशाचे आहे, जे फक्त मत्तय आणि लूक यांच्यात येते. 'सापाच्या पिल्लांनो, येणाऱ्या क्रोधापासून पळायला तुम्हांला कोणी सावध केले' येथून सुरू होऊन झाडाच्या मुळाशी ठेवलेल्या कुऱ्हाडीपर्यंत जाणारे हे भाषण साठाहून थोड्या अधिक ग्रीक शब्दांचे आहे, आणि दोघांच्या पाठांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच फरक आहेत. मत्तयात पश्चात्तापाला साजेसे 'फळ' एकवचनी आहे, लूकात 'फळे' अनेकवचनी. 'अब्राहाम आमचा पिता आहे' असे 'म्हणण्याचा विचार करू नका' असे मत्तय लिहितो, तर 'म्हणायला लागू नका' असे लूक. एके ठिकाणी लूकात 'देखील' या अर्थाचे एक अव्यय जास्तीचे आहे. बाकी शब्द, त्यांची रूपे आणि त्यांचा क्रम तोच.

आता हे लक्षात घ्यावे की येशू आणि बाप्तिस्मा करणारा योहान अरामी भाषेत बोलत असत, आणि ही शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिली गेली. दोन माणसांनी एक अरामी भाषण ऐकून, आठवून, स्वतंत्रपणे ग्रीकमध्ये उतरवले, तर आशय जुळेल, पण विभक्ती, क्रियापदांची रूपे आणि अव्यये अशी जुळणार नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत आपण 'रोजची भाकर' म्हणतो. त्यातल्या 'रोजची' या अर्थाने आलेला 'एपिऊसिओस' हा ग्रीक शब्द इतका दुर्मिळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनेसासारख्या ग्रीक पंडितालाही तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असे वाटले. त्याचा नेमका अर्थ 'आजची', 'उद्याची' की 'जगण्यापुरती' हा वाद अजून चालू आहे. असा आडवाटेचा शब्द मत्तय आणि लूक या दोघांनाही स्वतंत्रपणे सुचला असे मानणे फार जड जाते.

आणखी एक जागा आहे, जी मला सर्वांत निर्णायक वाटते. यरुशलेमेवरील संकटाविषयी बोलताना मार्काच्या १३व्या अध्यायात मध्येच 'वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे' असे शब्द येतात, आणि मत्तयाच्या २४व्या अध्यायात ते त्याच जागी आहेत. येशू तेथे शिष्यांशी बोलत आहे, त्याच्यासमोर वाचणारा कोणी नाही. ही सूचना लिहिणाऱ्याने आपल्या वाचकाला केलेली आहे आणि ती दुसऱ्याच्या ग्रंथात जशीच्या तशी उतरली आहे. आठवणीतून किंवा ऐकीव कथेतून अशी गोष्ट सहसा येत नाही. ती लेखी मजकुरातून येते.

योहानाच्या शुभवर्तमानाविषयी थोडक्यात सांगायचे, तर पाच हजारांना जेवण आणि दुःखसहनाची, म्हणजे येशूच्या अटकेपासून क्रुसावरील मरणापर्यंतची, कथा असे काही भाग सोडल्यास तो वेगळ्याच वाटेने जातो. मंदिरातील सराफांना हाकलण्याचा प्रसंग इतर तिघे अखेरीस सांगतात, तो योहान २ऱ्याच अध्यायात सांगतो. म्हणूनच पहिल्या तिघांना 'समदर्शी' म्हणतात, म्हणजे शेजारी शेजारी रकान्यांत मांडून एका नजरेत पाहता येणारी. जर्मन विद्वान ग्रीसबाख याने १७७० च्या दशकात असे रकाने छापले, आणि या प्रश्नाचा आधुनिक अभ्यास तेथून मार्गी लागला.

वसईकर_वाचक

ओटीवरच्यांनी दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, परंतु मौखिक परंपरेला इतक्या लवकर बाजूला सारणे मला पटत नाही. मी ज्या घरात वाढलो तेथे रोज संध्याकाळी प्रार्थना तोंडपाठ म्हटल्या जात, आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी आजी थांबवत असे. भारतीय वाचकाला तर हे सांगायलाच नको, कारण लेखनाचा आधार न घेता वेद शब्दशः, स्वरांसह टिकले. मग पहिल्या शतकातल्या शिष्यांनी आपल्या गुरूची वचने ग्रीकमध्ये एकदा ठरवून मुखोद्गत केली नसतील, असे का समजावे? जर्मनीतच गीसेलर याने १८१८ मध्ये हाच पक्ष मांडला होता. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची, वचने आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात येतात, आणि ती आपल्याला मिळाली व आपण ती पुढे सोपवली असे तो स्पष्ट सांगतो. ते पत्र सर्व शुभवर्तमानांपेक्षा जुने मानले जाते, आणि तरीही त्यातली शब्दरचना लूकाच्या रचनेशी पुष्कळ जुळते.

शिवाय चर्चची जुनी साक्षही विसरता कामा नये. हिएरापोलिसचा बिशप पापियास दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहितो की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषी होता आणि त्याला जेवढे आठवले तेवढे त्याने अचूक लिहिले, मात्र क्रमाने नव्हे. आणि मत्तयाने वचने हिब्रू भाषेत मांडली, व ज्याने त्याने ती आपापल्या कुवतीप्रमाणे उलगडली. पापियासचा ग्रंथ हरवला असला तरी ही वाक्ये चर्चचा इतिहासकार युसेबियस याने चौथ्या शतकात उतरवून ठेवली आहेत. पुढे इ. स. ४०० च्या सुमारास संत अगस्तीनने मार्काला मत्तयाच्या मागून चालणारा आणि त्याचा संक्षेप करणारा म्हटले. शतकानुशतके लोक हेच मानत आले.

ओटीवरचा

वेदांचा दाखला विचार करण्याजोगा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वेदपाठ टिकला तो पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा बंदोबस्तामुळे. एकच ऋचा उलटसुलट जोडून म्हणण्याची ती शिस्त होती, आणि तिचा परिणाम असा की सारखेपणा सर्वत्र सारख्याच प्रमाणात आढळतो. शुभवर्तमानांत तसे होत नाही. एका परिच्छेदात अक्षरशः मेळ असतो आणि लगेच पुढच्या परिच्छेदात सैल पुनर्कथन. प्रभूची प्रार्थना तर सर्वाधिक पाठ केली जाणारी गोष्ट. तीच मत्तयात लांब आहे आणि लूकात आखूड, तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची खरडपट्टी, जी उपासनेत कोणी म्हणत नसावे, ती शब्दशः जुळते. पाठांतर हेच कारण असते, तर उलट दिसायला हवे होते.

मौखिक परंपरा होतीच, आणि पौलाच्या पत्राचा आपला दाखला भक्कम आहे. मी एवढेच म्हणतो की ती असूनही या तिघांमध्ये लेखी संबंध मानावाच लागतो. खुद्द लूक आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात सांगतो की ही हकीकत लिहून काढण्याचे काम पुष्कळांनी हाती घेतले होते. म्हणजे त्याच्यापुढे आधीचे लेखन होते हे त्यालाही लपवायचे नाही.

संत अगस्तीनच्या संक्षेपाच्या कल्पनेबद्दल एक अडचण सांगतो. मार्काचा ग्रंथ एकूण लहान आहे हे खरे: सुमारे ६६० वचने (अध्यायातले क्रमांक दिलेले छोटे भाग), तर मत्तयाची सुमारे १,०७० आणि लूकाची सुमारे १,१५०. परंतु दोघांकडेही असलेला प्रसंग काढून मोजला, तर मार्काचाच बहुधा लांब भरतो. भुताने पछाडलेल्या माणसाची आणि डुकरांच्या कळपाची गोष्ट मार्काने २० वचनांत सांगितली आहे, मत्तयाने ७ वचनांत. संक्षेप करणारा माणूस येशूचा जन्म, डोंगरावरचे प्रवचन आणि प्रभूची प्रार्थना गाळून डुकरांची गोष्ट तिप्पट का वाढवील?

लिहून_देणार

मी दस्त तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे ग्रीकबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही, परंतु नक्कल कोणी कोणाची केली हे ओळखण्याचा प्रसंग आमच्याकडे नित्य येतो. नवे खरेदीखत कोणी कोऱ्या कागदावर लिहीत नाही. जुना दस्त समोर घेऊन नावे आणि तपशील बदलले जातात. जुन्या दस्तात लिहून देणार एक बाई असेल आणि नव्यात दोन भाऊ असतील, तर पहिल्या पानावर 'लिहून देणार यांनी' असे नीट बदललेले असते, आणि चौथ्या पानावर ताबा देण्याच्या कलमात 'सदर लिहून देणार हिने' असे जुने रूप तसेच राहून जाते. लिहिणारा सुरुवातीला सावध असतो, मग थकतो. त्या एका 'हिने'वरून कोणता दस्त आधीचा हे शपथेवर सांगता येते.

शुभवर्तमानांत हाच प्रकार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणाऱ्या हेरोदाच्या बाबतीत दिसतो. मार्क त्याला ६व्या अध्यायात सरसकट 'राजा' म्हणतो. वास्तविक हेरोद अंतिपास गालीलाचा मांडलिक होता, राजा कधीच नव्हता. उलट राजा ही पदवी मागायला तो रोमला गेला आणि इ. स. ३९ मध्ये असलेले पदही घालवून बसला. मत्तयाला हे ठाऊक असावे, कारण १४व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो 'मांडलिक हेरोद' असे काटेकोर लिहितो. परंतु नवव्या वचनात, योहानाचे शिर मागितले जाते तेव्हा, 'राजाला वाईट वाटले' असे शब्द येतात. वाईट वाटण्याचेही तेथे कारण उरलेले नाही. मार्कात हेरोद योहानाला नीतिमान जाणून त्याला जपत होता, म्हणून त्याला दुःख होणे ओघाने येते. मत्तयाने मात्र पाचव्या वचनात हेरोदालाच योहानाला मारायचे होते असे सांगितले आहे. पहिले पान बदलले, चौथ्या पानावरचा 'हिने' राहिला.

पाटीपेन्सिल यांनी उल्लेखलेल्या पक्षघाती माणसाच्या गोष्टीतही पाहावे. मार्कात ती चार माणसे छप्पर उकरून खाट खाली सोडतात, म्हणजे ते धाब्याचे घर आहे, वासे, काटक्या आणि वर माती. लूकात तीच खाट कौलांमधून खाली येते. गालीलातल्या खेड्यातले मातीचे धाबे कौलारू होणे समजते, कारण लूकाचे वाचक ग्रीक-रोमन शहरांत राहणारे असावेत. कौले काढून त्या जागी धाबे कोणी कशाला घालील, हे मला समजत नाही.

पाटीपेन्सिल

धाबे आणि कौले मी दोन्हीकडे वाचली होती आणि माझ्या लक्षात आले नव्हते. म्हणजे मार्क आधी, आणि त्याच्यावरून मत्तय व लूक, असे समजायचे का? आणि तसे असेल, तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे भाषण किंवा प्रभूची प्रार्थना, जी मार्कात नाहीच, ती या दोघांना कोठून मिळाली?

ओटीवरचा

बहुसंख्य अभ्यासक मार्क आधी असेच मानतात. मार्कातल्या मजकुराचा सुमारे नऊ-दशांश भाग मत्तयात सापडतो आणि निम्म्याहून अधिक लूकात. लाखमान याने १८३५ मध्ये दाखवले की प्रसंगांच्या क्रमात मत्तय मार्काला सोडतो तेव्हा लूक सहसा त्याला धरून असतो, आणि लूक सोडतो तेव्हा मत्तय. हाच लाखमान हस्तलिखितांचा वंशवृक्ष लावण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे, जी पुढे सुकथनकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी आपल्या परीने वापरली. मात्र क्रमाच्या पुराव्यावरून मार्क 'मधला' ठरतो, 'पहिला' ठरत नाही, कारण दोघांना समोर ठेवून शेवटी लिहिणाऱ्याचाही क्रम असाच दिसू शकतो, आणि ग्रीसबाखाचे मत तेच होते. दिशा ठरते ती दस्तातल्या 'हिने'सारख्या खुणांवरून आणि मार्काच्या ओबडधोबड वाक्यांवरून. नासरेथात येशूला चमत्कार 'करता येईना' असे मार्क लिहितो. मत्तय म्हणतो की त्याने तेथे फारसे चमत्कार 'केले नाहीत'. भाविक लेखक पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाईल, उलट नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. मार्कात नसलेली, पण मत्तय आणि लूक यांच्यात समान असलेली सुमारे २३० वचने आहेत आणि त्यांत बहुतेक येशूचे बोलणेच आहे. व्हाइसे याने १८३८ मध्ये असे सुचवले की या दोघांपुढे मार्काखेरीज वचनांचा आणखी एक संग्रह होता. त्याला पुढे 'उगम' या अर्थाच्या जर्मन शब्दावरून 'क्यू' असे नाव पडले, आणि होल्ट्समान (१८६३) व स्ट्रीटर (१९२४) यांच्यामुळे हे मत जवळजवळ प्रमाण झाले. अशा संग्रहाची एकही प्रत सापडलेली नाही. परंतु १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे कॉप्टिक भाषेतले थोमाचे शुभवर्तमान मिळाले, ज्यात ११४ वचने आहेत आणि कथा जवळजवळ नाहीच. त्यामुळे असा निव्वळ वचनांचा ग्रंथ लिहिला जात असे, एवढे तरी सिद्ध झाले. ते म्हणजे 'क्यू' नव्हे, हा गोंधळ कृपया कोणी करू नये.

तिरपे_अक्षर

न सापडलेल्या ग्रंथावर इतका भरवसा ठेवण्याची गरजच नाही, असे माझे मत आहे. लूकाने मार्काबरोबर मत्तयही वाचला होता असे मानले, की ती २३० वचने आपोआप उलगडतात. ऑस्टिन फॅरर याने १९५५ मध्ये हा पक्ष मांडला, आणि अलीकडे मार्क गुडएकर याने तो नेटाने लढवला. लिहून_देणार यांनी सांगितलेल्या लेखकाच्या थकव्याचा मुद्दाही गुडएकरनेच शुभवर्तमानांच्या बाबतीत पद्धतशीर मांडला आहे.

माझ्या दृष्टीने कळीची जागा येशूच्या चौकशीची आहे. मार्कात त्याचे तोंड झाकून मारतात आणि 'ओळख' म्हणजे 'संदेश सांग' एवढेच म्हणतात. मत्तय आणि लूक या दोघांत त्यापुढे 'तुला कोणी मारले' असा प्रश्न आहे, आणि तो त्याच पाच ग्रीक शब्दांत. हा प्रसंग दुःखसहनाच्या कथेतला आहे, जी 'क्यू'मध्ये नव्हती असे त्याचे समर्थकच सांगतात. मग ते पाच शब्द दोघांकडे आले कसे? 'क्यू'वाल्यांना येथे हस्तलिखितांत नंतर भर पडली असावी असे म्हणावे लागते, आणि ते मला पळवाट वाटते.

ओटीवरचा

या पाच शब्दांना माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, हे मान्य करतो. पण लूकाने मत्तय वाचला असेल, तर काही गोष्टी फारच चमत्कारिक होतात. डोंगरावरचे प्रवचन मत्तयात ५ ते ७ अशा तीन अध्यायांत एकसंध आहे. लूकाने ते मोडून त्याचा काही भाग सपाटीवरच्या प्रवचनात ठेवला आणि उरलेला पुढे ठिकठिकाणी विखरून टाकला असे म्हणावे लागते. पेत्राला 'या खडकावर मी माझी मंडळी रचीन' असे सांगणारी वचने मत्तयाने मार्काच्या कथेत घातलेली आहेत. लूक तोच प्रसंग सांगतो आणि त्यांचा मागमूसही त्याच्याकडे नाही. दोघांच्या वंशावळी तर दावीदाच्या पुढे निरनिराळ्या वाटांनी जातात, एक शलमोनाकडून आणि दुसरी नाथानाकडून.

तिरपे_अक्षर

लूक लेखक होता, नकलनवीस नव्हता. त्याने सांगितलेला क्रम आपल्याला आवडत नाही, यावरून त्याच्यासमोर काय नव्हते हे ठरत नाही. यापुढे आपले एकमत होईल असे दिसत नाही.

वसईकर_वाचक

वाद तुमच्या दोघांवर सोपवून एक जोड देतो. चारही शुभवर्तमानांची एकच सलग कथा करण्याची धडपडही जुनी आहे. तातियान याने दुसऱ्या शतकातच चौघांना विणून एक ग्रंथ तयार केला, आणि सीरियातल्या चर्चमध्ये तो दीर्घकाळ वाचला जात होता. आपल्या भाषेत हे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. ओवीत एकच कथानक चालवायचे म्हटले की तीन पाठ शेजारी ठेवता येत नाहीत, एक निवडावा लागतो किंवा तिन्ही मिसळावे लागतात. त्यामुळे ज्यांनी येशूचे चरित्र केवळ अशा एकत्रित कथांतून ऐकले, त्यांना पाटीपेन्सिल यांना पडलेला प्रश्न पडण्याची शक्यताच कमी होती. मौखिक परंपरेबद्दलचे माझे मत मी पूर्णपणे सोडलेले नाही, पण 'वाचणाऱ्याने समजून घ्यावे' या शब्दांपुढे मी निरुत्तर आहे.

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. काल रात्री तिन्ही ग्रंथांच्या छायाप्रती काढून, पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग टेबलावर शेजारी शेजारी मांडला आणि लिहून_देणार यांच्या सांगण्याप्रमाणे 'हिने' शोधत बसलो. लूकाच्या ९व्या अध्यायात येशू शिष्यांना घेऊन बेथसैदा नावाच्या नगराकडे जातो, तेथे लोकांचे स्वागत करतो, आणि दिवस कलू लागल्यावर बारा जण येऊन म्हणतात की या लोकांना आसपासच्या गावांत खाण्यापिण्याची आणि उतरण्याची सोय पाहायला जाऊ द्या, कारण आपण येथे ओसाड जागी आहोत. नगराजवळ असताना ते ओसाड जागी कसे, म्हणून मार्काचे पान ओढले. तेथे ते मुळात नगराकडे गेलेलेच नाहीत. नावेतून उतरल्यापासून जागा ओसाडच आहे.